मागच्या प्लगचा पाना

त्या गाडीच्या मालकाला सगळे सभ्य माणूस म्हणतात. असेल. पण शब्द त्याने फिरवला, मी नाही.

गाडी साठच्या दशकातली, एका माणसापुरती, सिगारसारखी लांबुळकी. त्या काळी ती खऱ्या ग्रां प्री शर्यतींमध्ये धावली होती; आता जुन्या गाड्यांच्या शर्यती भरतात, तिथे धावते. तिच्या गिअरबॉक्सचे दात झिजले होते आणि तसे गिअर आज कुठे मिळत नाहीत. इंग्लंडात, कॉव्हेंट्रीतल्या माझ्या वर्कशॉपमध्ये मी ते कापून दिले. मजुरी घेतली नाही. सौदा वेगळा होता. उन्हाळ्यातल्या शर्यतींच्या मोठ्या मीटिंगला, शनिवारी आणि रविवारी, गाडी माझी मुलगी चालवणार. तिच्याकडे शर्यतीचं लायसन्स आहे आणि हिवाळाभर त्या गाडीखाली ती माझ्यासोबत आडवी पडली होती. मालकाने हात मिळवला होता.

शनिवारी सकाळी पॅडॉकमध्ये, गाड्या तयार करतात त्या आवारात, पोचलो, तर तिच्या सीटवर मालकाचा पुतण्या बसलेला. हातात कोरे करकरीत हातमोजे.

"आज हा चालवेल," मालक म्हणाला. "उद्या तुमची मुलगी. चालेल ना?"

उद्या! आज यानं गाडी ठोकली तर उद्या तिनं काय चालवायचं, सांगाडा?

"दोन्ही दिवस ती," मी म्हणालो. "नाहीतर आम्ही निघालो."

मुलगी माझी बाही ओढत होती. "बाबा, संडे इज फाइन. खरंच."

"तू गप्प बस."

मी पाठ फिरवली आणि चालायला लागलो. पुण्याच्या जुन्या बाजारात मी हेच शिकलो. भाव पटला नाही की निघायचं. विकणारा हाक मारतोच. पहिल्या हाकेला थांबायचं नाही, दुसरीला नुसती मान वळवायची. माझं पहिलं लेथ मशीन मी असंच घेतलं, वर्कशॉपची जागाही अशीच.

मागून मालकाचा आवाज आला. मी थांबलो नाही.

"अरेरे, वाईट वाटलं," तो म्हणत होता. "सांभाळून जा हं. बाहेरच्या रस्त्याला फार ट्रॅफिक आहे."

दुसरी हाक आली नाही. मुलगीही मागे आली नाही.

गाड्या लावायच्या कुरणात जाऊन मी व्हॅनमध्ये बसलो. काळजी नव्हती, कारण पाना माझ्या खिशात होता. ही इंजिनं थंड असताना शर्यतीचे स्पार्क प्लग लावले तर ते तेलाने माखतात. म्हणून आधी साधे प्लग लावून इंजिन तापवायचं, मग बंद करून भराभर शर्यतीचे प्लग बसवायचे. सगळ्यात मागचा प्लग फ्रेमच्या नळीआड दडलेला. त्याला बाजारातला कुठलाच पाना पोचत नाही. पोचतो तो मी घासून, वाकवून केलेला.

कुरणापर्यंत आवाज येत होता. एकेक इंजिन घसा खाकरून जागं होत होतं. आमचं मी लगेच ओळखलं. बराच वेळ ते चढत-उतरत राहिलं. मग थांबलं. आता येतील, म्हटलं. येऊ देत पळत.

आली ती मुलगी. रेसिंगचा सूट अंगात, तोंड लाल.

"पाना द्या."

"मालकाला पाठव. त्याला मागू दे."

"तो नाही मागणार! त्याला वाटतंय तुम्ही घरी गेलात. तुम्ही नो म्हणाला, त्याने नो ऐकलं. फिनिश्ड. संडेचा सीट पण गेला होता, बाबा. मी परत आणला."

"कसा?"

"सॉरी बोलून."

"कसलं सॉरी? आपली चूक काय?"

"काही नाही. तरी बोलले. आणि सांगितलं की प्लग मी बदलते." तिने हात पुढे केला. "ते लोक थांबलेत. द्या ना."

मी पाना दिला. तिच्याकडे बघितलं मात्र नाही. अजूनही माझं म्हणणं तेच आहे. हात मिळवला होता, तेव्हा सॉरी त्याने म्हणायला हवं होतं.

शनिवारची शर्यत मी कुंपणापाशी उभं राहून बघितली. पुतण्याने दुसरा गिअर टाकताना असा खरखराट केला की माझ्या दाढा दुखल्या. ते दात मी कापले होते. नशीब, गाडी धड परत आली.

रविवारी प्लग मुलीनेच बदलले, पाना खिशात टाकला आणि ती सीटमध्ये उतरली. ग्रिडवर, शर्यत सुटायच्या रांगेत, मालक माझ्याजवळ आला. "काय सुंदर दिवस आहे!" म्हणाला. जणू काल काही झालंच नव्हतं. माझ्या जिभेवर चांगलं खरमरीत काहीतरी आलं होतं, पण हेल्मेटमधून तिचे डोळे माझ्यावर रोखलेले. मी गिळलं.

शर्यतीचा मार्शल पाटी घेऊन आला. सगळ्यांनी ग्रिडवरून बाहेर व्हायचं.

"एक मिनिट," मी म्हणालो. "मागचा प्लग बघतो."

"नो, सर."

"अर्धं मिनिट."

"बाबा," ती आतून म्हणाली, "मी टाइट केलंय. जा तुम्ही. प्लीज."

मी वळलो. हळूहळू चाललो, कान मागे ठेवून. तेवढ्यात सगळी इंजिनं एकदम पेटली. आता हाक आली असती तरी ऐकू येणार नव्हती. तरी एकदा मी मान वळवली.

ती पुढे बघत होती.