रिकाम्या टाकीची जोपासना

शीलाताई जगदाळे यांना राग आला, की त्या आवाज चढवत नसत. पदर खोचून कामाला लागत. टपाल कचेरीच्या खिडकीमागे नोकरीची सगळी वर्षे काढलेल्या या बाईंना माणसे अंगावर येण्याची सवय होती. समोरचा जितका तापे, तितक्या त्या शांत होत, आणि शेवटी तोच ओशाळून निघून जाई. निवृत्तीनंतर डोंबिवली पूर्वेच्या सुमेरू सोसायटीत त्या आणि त्यांच्या सासूबाई सखुबाई अशा दोघीच राहत. यजमान जाऊन बरीच वर्षे झाली होती.

माशांचे वेड त्यांनी कोरेगावकडच्या माहेराहून आणले होते. तिथल्या विहिरीत आजोबांनी मासे सोडले होते. त्यांना कोणी गळ लावायचा नाही, असा दंडक होता. हे पाण्याचे राखणदार आहेत, असे आजोबा म्हणत. डोंबिवलीत विहीर नव्हती, म्हणून काचेची टाकी आली. त्या टाकीत शीलाताईंनी एंजल माशांची एक जोडी वाढवली, जोडीने पानावर अंडी घातली, पिले जगली, पिलांना पिले झाली. सखुबाई त्यांना 'शीलाची नातवंडं' म्हणत.

ऋतुराज शेलारने मानपाडा रस्त्याला माशांचे दुकान काढले, तेव्हा त्याच्या पहिल्या टाकीत शोभेला ठेवायला शीलाताईंनी आपली एंजल पिले दिली. अर्ध्या सोसायटीला त्यांनीच त्या दुकानाचा रस्ता दाखवला. तो त्यांना ताई म्हणे, भाऊबीजेला येऊन जेवून जाई.

श्रावणात त्यांनी त्याच्याकडून निऑनचा एक थवा आणला. निळ्या रेघेचे ते इवलेसे मासे त्यांच्या फार मनात भरले होते.

"वेगळे ठेवले होतेस ना रे आधी?" त्यांनी विचारले होते.

"आठवडा होऊन गेला ताई. एकदम ठणठणीत. बिनधास्त सोडा."

त्यांनी सोडले. काही दिवसांतच निऑनच्या अंगावर रवा सांडावा तसे पांढरे ठिपके उमटले, मग एंजलच्या परांवर. औषध झाले, पाणी बदलून झाले. एकेक मासा तळाशी जाऊन कल्ले उघडझाप करत निपचित पडू लागला. सगळ्यात शेवटी ती थोरली मादी गेली. तिने इतक्या पिढ्या वाढवल्या आणि मरताना भोवती एकही पिलू उरले नव्हते.

शीलाताई दुकानात गेल्या, त्या भांडायला नव्हे. हे कसे झाले, एवढेच त्यांना विचारायचे होते. दुकानात गिऱ्हाईक होते. ऋतुराज हसून म्हणाला, "अहो ताई, मासा मेला म्हणजे घरावरचं संकट त्यानं अंगावर घेतलं, असं म्हणतात. एवढे सगळे गेले म्हणजे तुमच्यावरचं काहीतरी फार मोठं टळलं. नारळ फोडा!"

गिऱ्हाइकांनी माना डोलावल्या. एक बाई तर म्हणाल्या, "खरंय हो, आमच्याकडे पण असंच झालेलं."

शीलाताई घरी आल्या. मोबाइल चाळताना त्यांना दिसले, की निऑन त्यांनी ज्या दिवशी आणले, त्याच दिवशी सकाळी ऋतुराजने दुकानाच्या पानावर थव्याचे छायाचित्र टाकले होते आणि खाली लिहिले होते: 'आजच आलेला ताजा माल.'

त्याने फसवले, हे त्यांनी कदाचित गिळले असते. पण त्याने त्यांच्या मेलेल्या माशांची थट्टा करून लोकांना हसवू पाहिले होते, आणि लोक हसलेही नव्हते. त्यांना ते पटले होते. या माणसाला त्याच लोकांसमोर, त्याच्याच माशांनी उघडे पाडायचे, असे शीलाताईंनी त्या दिवशी ठरवले. हे त्या कोणाजवळही बोलल्या नाहीत.

संधी फार लांब नव्हती. सोसायटीच्या प्रवेशदालनात दिवाळी पाडव्याला मोठी टाकी बसवायचे ठरले होते आणि मासे पुरवून टाकीची निगा राखण्याचे काम ऋतुराजला मिळणार होते. गणपतीनंतरच्या बैठकीत अध्यक्ष करंदीकरांनी विचारले, "शीलाताई, यातलं तुम्हाला कळतं. काही सूचना?"

"एकच," त्या म्हणाल्या. "नवे मासे थेट मोठ्या टाकीत सोडू नयेत. दसऱ्याला आणावेत, दिवाळीपर्यंत वेगळ्या टाकीत नजरेखाली ठेवावेत. टाकी मी देते. माझ्या गॅलरीत राहील, ज्याला वाटेल त्यानं येऊन बघावी. मासे धड निघाले तर काम ऋतुराजचं."

ऋतुराज तिथेच बसला होता. तो हसला. "ठेवा की ताई! आम्हाला फुकटची राखण मिळाली."

दुसऱ्याच दिवशी शीलाताईंनी तयारी सुरू केली. जुनी टाकी रोगाने बाटलेली, म्हणून ती त्यांनी कोरडी करून माळ्यावर टाकली होती. नवी लहान टाकी आली. तिच्यात वाळू नाही, झाड नाही. तळ उघडा, म्हणजे घाण आणि रोग लपायला जागा नको. माशांना आडोसा म्हणून पाइपाचा एक तुकडा, पाणी उबदार राखायला हीटर आणि एका कोपऱ्यात पंपाच्या हवेने बुडबुडे सोडणारा स्पंजचा फिल्टर. जाळी वेगळी, बादली वेगळी.

टाकी मांडणे सोपे; ती जिवंत करणे अवघड. मासा पाण्यातच विष्ठा टाकतो आणि तिचा अमोनिया होतो, जो त्यालाच जाळतो. तो अमोनिया खाणारे जंतू स्पंजात वस्तीला यावे लागतात. ते त्याचे दुसरे विष करतात, मग दुसऱ्या जातीचे जंतू येऊन तेही निरुपद्रवी करून टाकतात. ही वस्ती बसायला आठवडे लागतात. हौशी लोक याला टाकी सायकल करणे म्हणतात. ठाण्याजवळच्या बाळकुमची, टपाल कचेरीतली त्यांची जुनी सहकारी शालू भोईर आपल्या जुन्या टाकीतला मुरलेला स्पंज द्यायला तयार होती. शीलाताईंनी नको म्हटले. रोग दुसरीकडून आला, असे म्हणायला ऋतुराजला जागा ठेवायची नव्हती. जंतूंना पोसायला त्या रिकाम्या टाकीत रोज चिमूटभर माशांचे खाद्य टाकत. ते कुजे, अमोनिया होई.

सखुबाई दाराशी बसून हे पाहत. "शीले, त्यात मासा कुठंय गं?"

"नाही अजून, आत्याबाई."

"मग घास कुणाला घालतीस? गेलेल्यांच्या नावानं व्हय?"

"येणाऱ्यांच्या नावानं."

"माझ्या वाटीत तूप घालताना हात आखडतो, अन् नुसत्या पाण्याला जेवण!"

शीलाताई हसत आणि काचनळीत पाणी घेऊन तपासणीच्या औषधाचे थेंब टाकत. पाण्यात अमोनिया असेल तर नळीत हिरवा रंग उतरे, नसेल तर पिवळा. पहिले काही दिवस हिरवा गडद होत गेला. मग ओसरला, दुसऱ्या विषाचा जांभळा रंग वर आला, आणि घटस्थापनेनंतर तोही फिका पडू लागला. पांढरा स्पंज चिखलासारखा तपकिरी झाला. त्या चिखलाकडे शीलाताई ज्या समाधानाने पाहत, ते पाहून कोणाला वाटले असते, बाई देव्हाऱ्यापुढे उभ्या आहेत. खरे तर त्या ऋतुराजचा चेहरा डोळ्यांसमोर आणत असत.

खंडेनवमीला त्या फुलांच्या बाजारात गेल्या. परत आल्या, तर गॅलरीत टाकी उन्हात झळाळत होती. आत पाण्याचा थेंब नव्हता. काचेवर हळदीकुंकवाची बोटे उठली होती. पंपाला झेंडूचे फूल वाहिलेले होते आणि कपड्यांच्या दोरीवर, चिमट्यात, साबणाने धुतलेला पांढराशुभ्र स्पंज वाळत होता.

"घरातली समदी हत्यारं धुतली," सखुबाई कौतुकाची वाट पाहत म्हणाल्या. "इळी धुतली, मिक्सर पुसला, तुझी मशीन बी राहिली नाय. शीले, केवढा चिखल गं त्या स्पंजात! तू शिकलेली, अन् एवढी घाण ठेवलीस? अगं, तोंड का उतरलं तुझं?"

गावाकडे त्या दिवशी नांगर, विळे, कुऱ्हाड, सगळे धुऊन पुजायचे असते. सखुबाईंनी ज्याने काम होते ते सगळे धुतले होते. शीलाताईंनी पिशवी खाली ठेवली. "छान केलंत," त्या म्हणाल्या आणि आत जाऊन पलंगाच्या कडेवर बसल्या.

जंतूंची सगळी वस्ती गटारात गेली होती आणि मासे दुसऱ्या दिवशी यायचे होते.

मग त्यांच्या मनात तो विचार आला. टाकीत पाणी भरावे, मासे घ्यावेत आणि गप्प बसावे. कच्च्या टाकीत ते आपल्याच अमोनियाने मरतील. सोसायटी पाहील, ऋतुराजचे मासे मेले. कोणाला काय कळणार? त्यालाही कळणार नाही. विचार इतका सोपा होता, की त्या बराच वेळ त्याच्याजवळ बसून राहिल्या. मग उठून त्यांनी फडताळातली झाकणाची दुधाची किटली काढली.

दसऱ्याच्या सकाळी त्या बाळकुमला शालूच्या दारात होत्या. नव्या उंच इमारतींच्या मागे, जुन्या गावात शालूचे घर होते.

"काय गो शीला, सनाचे दिवशी किटली घेऊन? दूध घालाय आलीस का?"

शीलाताईंनी सगळे सांगितले. शालू कमरेवर हात ठेवून म्हणाली, "मंग मरूं दे ना! नाव तर त्याचाच जानार. तुला तेच पायजे होता ना?"

"मला मेलेले मासे नकोत शालू. मला त्याचा रोग हवा आहे. माझ्या चुकीनं मेले, तर तो सुटला."

शालूने त्यांच्याकडे नीट पाहिले. "तुझ्याशी वैर नाय बा घेनार कोनी," ती म्हणाली आणि आपल्या टाकीतला काळपट स्पंज तिथल्याच पाण्यासकट किटलीत घातला. "वर्षभरात यात नवा मासा नाय आलेला. नीट ने."

रिक्षा, बस, पुन्हा रिक्षा. किटली सारा वेळ मांडीवर. घरी येऊन त्यांनी टाकी भरली, पाण्यातले क्लोरीन मारले आणि स्पंज बसवला. मग गॅलरीच्या दारावर कागद चिकटवला: 'हात लावू नये.' सखुबाईंना वाचता येत नव्हते, म्हणून तोंडीही सांगितले.

संध्याकाळी ऋतुराज पाण्याच्या पिशव्यांत निऑन आणि एंजल घेऊन आला. आपट्याची पाने पुढे करून वाकला. "ताई, सोनं घ्या."

"सुखी राहा," शीलाताई म्हणाल्या आणि पिशव्या पाण्यावर तरंगत ठेवल्या.

मग वाट पाहणे आले. त्या रोज पाणी तपासत, थोडे बदलत, आणि नळीतले पाणी हिरवे होत नसे. मासे चपळ होते, खाण्यावर तुटून पडत होते. सोसायटीतली माणसे येऊन म्हणत, "काय सुंदर आहेत हो!" शीलाताई विजेरी घेऊन एकेका परावर ठिपका शोधत आणि न सापडल्याने खट्टू होत. एका दुपारी विजेरी हातात असताना त्यांच्या लक्षात आले, की आपण एका मुक्या जिवाच्या अंगावर रोग उठावा म्हणून वाट पाहतो आहोत. त्यांना स्वतःची शिसारी आली. तरी त्यांनी विजेरी मालवली नाही.

दुसऱ्या आठवड्यात एका निऑनच्या शेपटीवर रव्याचा एक कण दिसला. संध्याकाळपर्यंत एंजलच्या परावर आणखी. शीलाताईंनी देवापुढे साखर ठेवली आणि करंदीकरांना फोन केला.

करंदीकर आले, कमिटीतली आणखी दोघे आली, ऋतुराजही आला. सगळे गॅलरीत दाटीने उभे राहिले. ऋतुराजने टाकीत डोकावले आणि सरळ झाला. "टाकी कच्ची असेल, साहेब. नव्या टाकीत असं होतंच."

"टाकी कच्ची झाली होती," शीलाताई म्हणाल्या. "दसऱ्याच्या आदल्या दिवशी धुतली गेली."

"म्यां धुतली," सखुबाई अभिमानाने म्हणाल्या. "साबणानं."

"बघा!" ऋतुराज म्हणाला.

"मग मी बाळकुमहून मुरलेला स्पंज आणला. हे पाणी." त्यांनी सर्वांसमोर नळी भरली, थेंब टाकले. सगळे वाकून पाहत राहिले. पाणी पिवळेच राहिले, हिरवे झाले नाही. "विष नाही. आणि विषानं मासा मरतो, त्याच्या अंगावर हे ठिपके येत नाहीत. हे ठिपके म्हणजे जीवच असतात, ते रोगट माशाकडूनच येतात."

"मग बाळकुमहून आला असेल!"

"असेल. चल, तिथले मासे बघून येऊ. लांब पडत असेल, तर तुझं दुकान जवळ आहे. याच मालातले उरलेले मासे तुझ्याकडे आहेत ना? आत्ता सगळे जाऊन बघू."

ऋतुराज टाकीपासून दाराकडे सरकला. करंदीकर चष्मा पुसत म्हणाले, "शेलार, आम्ही दुसरीकडे विचारू." कमिटी जिना उतरली.

ऋतुराज दारात थांबला. त्याचा आवाज खाली आला होता. "ताई, तुमच्या हातचं जेवलोय मी. एवढ्याशा माशांसाठी... झालं ना आता समाधान?"

शीलाताईंनी स्वतःला खरोखर विचारून पाहिले.

"नाही," त्या म्हणाल्या. "आणि हे एकदाचं नाही. सोसायटीत सांगून ठेवलंय मी. तुझ्या दुकानातून कोणीही मासा आणला, की तो आधी या टाकीत येणार. दारावर तुझ्या दुकानाचं नाव राहील आणि जे होईल ते सगळे बघतील. धड माल विकशील त्या दिवशीही मी खरंच सांगेन. तोवर येत जा, बघत जा."

"असं किती दिवस चालवणार?"

"मला निवृत्तिवेतन आहे. वेळ भरपूर आहे."

तो गेल्यावर त्यांनी दार लावले, हीटर थोडा वाढवला आणि औषधाचे थेंब मोजून पाण्यात सोडले. हे मासे त्या वाचवणार होत्या. ते मेले, तर ते त्याच्याच सोयीचे होते. जिवंत, बरे झालेले आणि त्याच्या नावाचे मासे गॅलरीत पोहत राहिले, तर येणारा-जाणारा रोज विचारणार होता, हे कुठले, आणि यांना काय झाले होते.