तारीखताई आणि मुंगीवालीचा प्रबंध

विद्यापीठाच्या विद्यार्थी सेवा इमारतीत तळमजल्यावर सहा खिडक्या आहेत, आणि त्यांतली चौथी सगळ्यात गैरसोयीची. ती जिन्याखाली येते, त्यामुळे उंच माणसाला तिथे मान तिरकी करून उभं राहावं लागतं. काचेला बोलण्यासाठी पाडलेलं भोक इतकं खाली आहे, की बुटक्यालाही वाकावं लागतं. थोडक्यात, लहानथोर सगळे तिच्यापुढे नम्र. या खिडकीमागे गेली एकोणीस वर्षं एक बाई बसतात. वय त्रेपन्न, चष्म्याची भिंगं जाड, खुर्चीवर घरून आणलेली उशी. पदाचं नाव 'आरोग्य विमा साहाय्यक' असं भारदस्त आहे, पण ते पगारपत्रकापुरतं. पीएचडी करणारी मुलं त्यांना तारीखताई म्हणतात.

नाव उगाच पडलेलं नाही. कुणाचा विमा कधी सुरू झाला आणि कधी संपणार, हे त्यांना संगणक उघडायच्या आधी आठवतं. मुलांची नावं मात्र त्या साफ विसरतात. मग ज्याचा जो विषय, तेच त्याचं नाव. लोखंडाच्या गंजावर संशोधन करतो तो गंजवाला, जुन्या नकाशांत डोकं घालून बसते ती नकाशेवाली. "ए गंजवाल्या, सोळा तारखेला संपतोय रे तुझा!" असं त्या भर रांगेत ओरडतात, आणि गंजवाला इकडेतिकडे बघत कानापर्यंत लाल होतो.

विद्यापीठात त्या आल्या त्या टंकलेखिका म्हणून. त्या काळी लोकांचे प्रबंध टंकून देणं हेच त्यांचं काम. एकशेचार प्रबंध टंकले, त्यांतलं अवाक्षर कळलं नाही, पण ते लिहिणारी माणसं कळली. पुढे संगणक आले, टंकलेखन बुडालं आणि ताईंना खिडकीत आणून बसवलं. तोवर त्यांचं मत पक्कं झालं होतं. त्या म्हणत, "या मुलांना एका गोष्टीचं सगळं कळतं आणि बाकी कशाचंच काही कळत नाही. स्वतःच्या तब्येतीचं तर नाहीच नाही."

सोयी नव्हत्या असंही नाही. डोळे तपासून मिळत, दात बघितले जात, दुसऱ्या मजल्यावर मनातलं बोलायला समुपदेशक होत्या, ज्यांना तान्हं मूल आहे त्यांच्यासाठी पाळण्यांची खोली होती. हे सगळं चाळीस पानी पुस्तिकेत छापून पहिल्याच दिवशी प्रत्येकाच्या हातात देत. मुलं ती पुस्तिका डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सरकवत आणि मग वर्षभर सगळ्यांना विचारत फिरत. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय!

गंजवाला एकदा दाढ दुखते म्हणून आला. ताईंनी त्याच्या डोळ्यांखालची वर्तुळं बघितली. "दाढेचं बघू. झोपतोस किती?" तो म्हणाला, दोन तास, कधी तीन. ताईंनी चिठ्ठीवर समुपदेशकबाईंची वेळ लिहिली. "वर जाऊन ये. तिथली खुर्ची फार आरामाची आहे." बिचारा खुर्चीसाठी म्हणून गेला आणि आठ आठवडे जात राहिला. दाढही मधल्या मधे काढून झाली.

अशा या ताईंच्या खिडकीशी त्या मंगळवारी मुंगीवाली आली.

मुंगीवाली चौतीस वर्षांची. मुंग्या अन्नापर्यंतची वाट कशी आखतात, यावर तिने सहा वर्षं घालवली होती. दोन महिन्यांपूर्वी तिच्या गळ्यात गाठ निघाली होती. डॉक्टर म्हणाले होते, काढल्याशिवाय काही सांगता येणार नाही, आणि लांबवू नका. ऑपरेशन शुक्रवारी ठरलं होतं. विम्याचं मंजुरीपत्र ताईंनीच मागे लागून आणवलं होतं.

"ताई, शुक्रवारी कोणकोणते कागद नेऊ?"

"मंजुरीपत्र, ओळखपत्र आणि सोबत एक माणूस. आई येतायत ना?"

"गुरुवारी पोचतेय. आणि ताई, एक आनंदाची बातमी! उद्या प्रबंध देतेय. अकरा वाजता. सगळ्या सह्या झाल्या, छापून आला, बांधून आला. सुटले एकदाची!"

"उद्या देऊ नकोस," ताई म्हणाल्या.

कारण असं, की विमा होता विद्यार्थ्याचा. प्रबंधावर 'सादर' असा शिक्का पडला की त्या दिवशी विद्यार्थ्याची नोंदणी बंद, आणि नोंदणी बंद झाली की विमाही बंद. बुधवारी शिक्का पडला, तर शुक्रवारी ते मंजुरीपत्र रद्दीत घालण्याच्या लायकीचं. शिक्क्यानंतर तीन महिने विमा वाढवून मिळायचा, पण त्यासाठी पंधरा दिवस आधी अर्ज द्यावा लागे. हे सगळं पुस्तिकेच्या एकतिसाव्या पानावर तळाशी, मुंगीच्याच आकाराच्या अक्षरांत होतं.

गंमत म्हणजे ही चूक आळशी मुलाच्या हातून कधीच होत नाही. तो ऑपरेशन होऊन टाके वाळले तरी प्रबंध देत नाही. ही चूक करतात ती गुणी मुलं, ज्यांना दवाखान्यात जाण्याआधी टेबल स्वच्छ करून जायचं असतं.

ताईंनी तिला समजावलं. मुंगीवालीचं हसू मावळलं. ती म्हणाली, "मग ऑपरेशन पुढे ढकलते."

"डॉक्टर काय म्हणाले होते?"

"लांबवू नका म्हणाले होते."

"मग? प्रबंध ढकल. आज आठ तारीख. आत्ता वाढीचा अर्ज कर, तेवीसला प्रबंध दे. ऑपरेशनही होईल आणि पुढच्या तपासण्याही."

"पण सर महिनाअखेर निवृत्त होतायत. मी त्यांची शेवटची विद्यार्थिनी."

"महिना तीस दिवसांचा आहे. तेवीस त्याच्या आधी येते. हवं तर कुणालाही विचार."

मागे रांग चुळबुळायला लागली. मग मुंगीवाली आणखी खाली वाकली आणि भोकापाशी तोंड नेऊन अगदी हळू म्हणाली, "ताई, खरं सांगू? सरांचं निमित्त आहे. मलाच उद्या द्यायचाय. शुक्रवारी भूल देतील, आणि मग काही बरंवाईट झालं तर? सहा वर्षं घातलीत मी. निदान ते तरी पुरं झालेलं असू दे."

यावर कोणता अर्ज भरायचा ते ताईंना माहीत नव्हतं. त्यांनी 'पाच मिनिटांत येते' ही पाटी लावली आणि बाजूच्या दारातून बाहेर आल्या. दोघी जिन्याच्या पायरीवर बसल्या. काचेमागे एवढ्या दांडग्या वाटणाऱ्या ताई उभ्या राहिल्या की आपल्या खांद्याला लागतात, हे मुंगीवालीला त्या दिवशी कळलं.

"हे बघ पोरी," ताई म्हणाल्या, "अशी निरवानिरव करून दवाखान्यात जाऊ नये. घर झाडूनपुसून, दिवे मालवून निघालेल्या माणसाला परतायची घाई नसते. आणि चुलीवर दूध ठेवून शेजारी गेलेली बाई बघ कशी धावत येते. तू अर्धं टाकून जा. तुझ्या त्या मुंग्या काय वारूळ पुरं करून बाहेर पडतात?"

"वारूळ कधी पुरं होतच नाही, ताई."

"सहा वर्षं त्यांच्यात राहून एवढंही शिकली नाहीस? धन्य आहे बाई तुझी."

मुंगीवाली हसली आणि हसता हसता रडायला लागली. दोन महिन्यांत ती कुणासमोर रडली नव्हती. ताईंनी तिला रडू दिलं. पाच मिनिटांची वीस झाली. मग तिने नाक पुसून वाढीच्या अर्जावर सही केली, पण उठेना. "सरांना कोण सांगणार? मला नाही जमायचं."

सर म्हणजे तिचे मार्गदर्शक. त्यांच्या खोलीबाहेर मुलं दार वाजवण्याआधी तीनदा घसा खाकरत. ताई एकोणीस वर्षांत एकदाही कुणा प्राध्यापकाकडे गेल्या नव्हत्या. खिडकीने माहिती द्यावी, सल्ला देऊ नये, असा त्यांच्या साहेबांचा दंडक होता. दुपारच्या सुट्टीत त्यांनी डबा तसाच ठेवला, पुस्तिका घेतली आणि समोरच्या इमारतीचे तीन मजले चढल्या.

सर खोक्यांत पुस्तकं भरत होते. ऐकून घेतलं आणि भुवया चढवून म्हणाले, "म्हणजे आता विम्याची खिडकी प्रबंधाच्या तारखा ठरवणार?"

"मी कोण ठरवणार, सर? पान एकतीस ठरवतं."

सरांनी चष्मा कपाळावर चढवून पान डोळ्यांजवळ धरलं. एकदा वाचलं, पुन्हा वाचलं. मग हळूच खोक्यावरच बसले. "माझ्या हाताखालून बावीस जण गेले. सगळ्यांना हे लागू होतं?"

"होतं."

"मला कुणी कधी बोललं नाही."

"तुमच्याशी बोलायला घाबरतात, सर," ताई म्हणाल्या. आता आलोच आहोत तर होऊन जाऊ दे, असं त्यांच्या मनाने घेतलं. "ती पक्ष्यांच्या घरट्यांवर लिहिणारी होती, आठवते? पोटुशी होती, आठव्या महिन्यात प्रबंध दिला तिने. तुम्ही विभागात पेढे वाटले. दुसऱ्या दिवशी ती माझ्या खिडकीत उभी होती, आणि तिचा विमा आदल्या दिवशी संपलेला. सात महिने जिने तिला तपासलं ती डॉक्टर सुटली. नवव्या महिन्यात अनोळखी दवाखाना शोधत फिरली पोर. बाळबाळंतीण सुखरूप आहेत, पण ते नशीब. प्रबंध देण्याच्या आठवडाभर आधी ती जिन्यात मला म्हणाली होती, आता पुढच्या आठवड्यात संपलं सगळं. मी हसून पुढे गेले. तेव्हाच तुमच्याकडे यायला हवं होतं मी. नाही आले. म्हणून आज आले."

सर उठले, टेबलावरचा मुंगीवालीचा प्रबंध सादर करायचा फॉर्म ओढला, स्वतःच्या सहीखालची तारीख खोडली आणि तिथे तेवीस लिहिलं. "मी स्वतः येतो तिच्याबरोबर त्या दिवशी. आणि या पानाच्या वीस प्रती काढून द्याल? सोमवारी विभागाची बैठक आहे. तीस तारखेपर्यंत तरी माझं ऐकतात."

ताई खाली आल्या तेव्हा सुट्टी संपली होती. डबा तसाच परत गेला, पण त्या दिवशी त्यांना भूक लागल्याचं आठवत नाही.

शुक्रवार मात्र सरता सरेना. ऑपरेशन सकाळी नऊला होतं. दहा वाजता ताईंनी नकाशेवालीला दुसऱ्याच कुणाची तारीख सांगितली. अकरा वाजता एका नव्या मुलाला त्याचा विमा एकतीस जूनला संपतो म्हणून सांगितलं, आणि त्यानेही ते निमूटपणे वहीत लिहून घेतलं. गंजवाला सहज डोकावला, ताईंचा चेहरा बघून त्यांच्यासाठी चहा घेऊन आला. फोन काही वाजला नाही. आपण कोण लागतो तिच्या, म्हणून कळवतील, असं ताईंनी मनाला बजावलं. मग शनिवार, रविवार, दोन्ही सुट्ट्या. तोंडाने माणसाला 'अर्धं टाकून जा' म्हणणं सोपं असतं. ती पोर परत आलीच नाही, तर अर्धं टाकायला लावलं ते आपणच, ही गोष्ट ताईंना दोन दिवस छळत राहिली.

सोमवारी खिडकी उघडते न उघडते तोच साठीच्या एक बाई भोकापाशी वाकल्या. केस विस्कटलेले, डोळे जागरणाने तारवटलेले. "मुंग्यांवर अभ्यास करते तिची आई मी. विम्याच्या ताई तुम्हीच का?"

"मीच," ताई म्हणाल्या.

"तुमच्याशी भांडायला आलेय."

ताईंनी हातातल्या किल्ल्या खाली ठेवल्या.

"अहो, चार तास दाराबाहेर बसले होते मी. पाण्याचा घोट घेतला नाही. शुद्धीवर येतेय म्हणाले, तशी धावत आत गेले. म्हटलं, आता डोळे उघडेल आणि 'आई' म्हणेल. आवाज फुटत नव्हता, नुसते ओठ हलत होते. कान लावला तर काय म्हणते? 'पान दोनशे चौदा. मुंग्या उलट्या चालल्यात.'"

"काय?"

"उलट्या! ती नर्स बिचारी घाबरली. तिने चादर झटकली, गादी उचलून बघितली. नंतर कळलं की त्या पानावरचं चित्र उलटं छापलंय. सहा जणांनी तपासलं, कुणाच्या लक्षात आलं नाही. भूल चढताना हिच्या डोळ्यांसमोर आलं म्हणे, आणि तेच धरून ठेवलं हिने. आईचं नाव नाही हो, मुंग्यांचं! मी विचारलं, प्रबंध देऊन टाकला असतास तर? तर कागदावर लिहून दाखवते, मग उठून काय करणार होते? आता तुम्हीच सांगा, मी काय मेले होते का बाहेर?"

"आणि गाठ?" ताईंनी कसंबसं विचारलं.

"साधी निघाली. आज सकाळीच सांगितलं डॉक्टरांनी." एवढं बोलून त्या आईला रडू फुटलं, आणि भांडण तिथेच संपलं.

ताई हसत होत्या की रडत होत्या, ते त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं. त्यांनी बाजूचं दार उघडलं, त्या माउलीला हाताला धरून आत घेतलं, आपल्या उशीच्या खुर्चीवर बसवलं आणि पाण्याचा पेला तिच्या हातात दिला. बाहेर रांगेत सात जण ताटकळत होते. कुणीतरी काचेवर टकटक केली.

"थांबा रे जरा," तारीखताई आतून ओरडल्या. "माझं माणूस आलंय."