क्वार्टरबॅकच्या हेल्मेटमधला आवाज

मंडळी, हे वाचून हसू नका.

मी इथे मिशिगनमध्ये एमएस करतोय आणि कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल टीमचे हेल्मेट-रेडिओ सांभाळतो. बॉल कुठे फेकायचा, हे कोच त्यावरून क्वार्टरबॅकला, म्हणजे पास देणाऱ्या मुख्य खेळाडूला सांगतात. सीझनभर आम्ही नुसते हरतोय.

आज प्रॅक्टिसला क्वार्टरबॅक टायलरचा रेडिओ बिघडला. मी तो काढून खिशात टाकला आणि कडेला गप्प उभा राहिलो. मोकळा खेळाडू दिसला की मनातल्या मनात म्हणायचो, "डावीकडे!" आणि बॉल बरोबर तिकडेच जायचा. एकही पास चुकला नाही! मी जाम खूश.

मग टायलर आला. "भाऊ, 'दावीकडे' म्हणजे काय? रेडिओवर कोणीतरी सारखं म्हणत होतं."

टीममध्ये मराठी मी एकटाच. मी खिशातून रेडिओ काढून दाखवला. तो पांढराफटक पडला. "आवाज तुझ्यासारखाच होता."

आम्ही कोचना सांगितलं, तर ते हसलेसुद्धा नाहीत. "शनिवारी मॅचला रेडिओ बसवू नकोस. आज होतास तिथेच उभा राहा."

आता घरी एकटाच बसलोय. मघाशी टायलरचा मेसेज आला, "भाऊ, आता गप्प बस ना, प्लीज."

मनातलं बोलणं बंद कसं करतात, कोणाला माहितीये का?