चाकूरच्या पुढचा आवाज

मी सासऱ्यांना फॉरमॅट मारला. म्हणजे त्यांच्या आवाजाला. सासरे तर त्याआधीच गेले होते... पण आमच्या घरात हा प्रसंग अजूनही असाच सांगितला जातो. पाहुणे आले, चहा झाला, की मेहुणा म्हणतो, "दाजींनी आमच्या दादांला फॉरमॅट मारला, ते सांगितलं का तुमाला?"

इथले भुताखेतांचे अनुभव मी आजवर वाचायचो ते ऑफिसात, डबा खाताना, आणि तेही हसण्यासाठी. चिंचेखालची बाई, मागच्या सीटवर आपोआप येऊन बसलेला माणूस... वाचायचं, हसायचं, हात धुवायचे. माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नव्हता. आज्याने बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हापासून आमच्या घरात लिंबू-मिरची फक्त स्वयंपाकातच वापरतात. तेव्हा मी हे लिहितोय म्हणजे काय अवस्थेत लिहीत असेन, ते समजून घ्या.

मी नांदेडला एका सरकारी कार्यालयात वरिष्ठ लिपिक आहे. आमच्या कॉम्प्युटरमध्ये काहीही नवीन टाकायला गेलं की तो पासवर्ड मागतो. पासवर्ड ज्यांना माहीत होता ते साहेब बदलून गेले — जाताना बहुतेक सामानात बांधून घेऊन गेले. म्हणून मी पोर्टेबल सॉफ्टवेअरच्या नादी लागलो. पोर्टेबल म्हणजे ते कॉम्प्युटरमध्ये बसवावंच लागत नाही. पेन ड्राइव्हमध्ये राहतं आणि तिथूनच चालतं. लावला की सुरू, काढला की गेलं, कोण येऊन गेलं ते कॉम्प्युटरलाही कळत नाही. मराठी टायपिंग, पीडीएफ जोडणं-तोडणं, काहीही वाजवणारा प्लेअर... सगळं माझ्या शर्टाच्या खिशात. एवढ्या एका विद्येवर मी ऑफिसात आणि सासरवाडीत इंजिनिअर समजला जायचो.

आता सासरे. आमच्याकडे सासऱ्यांना मामा म्हणतात; त्यांची लेकरं त्यांना दादा म्हणायची. मामा एसटीत कंडक्टर होते. घर अहमदपूरला, आणि उभी नोकरी नांदेड-लातूर रस्त्यावर. मामा ड्युटीवरून घरी येईपर्यंत मामी — म्हणजे माझ्या सासूबाई — कधी जेवल्या नाहीत. तसं कुणी त्यांना सांगितलं नव्हतं. "मानूस रस्त्यावर हाय अन् मी घास कसा गिळू?" एवढंच त्यांचं म्हणणं. गाडी पंक्चर होवो, रस्ता बंद होवो, मामींचं ताट झाकलेलं.

मामा गेल्यावर प्रशांतने, माझ्या मेहुण्याने, मामींना लातूरला आणलं. क्लासेसच्या भागात त्याचं झेरॉक्स-डीटीपीचं दुकान आहे, वरच्या मजल्यावर घर. तिथे मामींचं विसरणं वाढलं. आधी शेजाऱ्यांची नावं, मग दिवस-वार, आणि एक दिवस मामा गेले हेच विसरल्या. ताट पुढे आलं की विचारायच्या, "ड्युटीवरून आले का हे?" नाही म्हटलं की ताट सरकवायच्या. गेले म्हटलं तर पहिल्यांदाच ऐकल्यासारख्या रडायच्या, मग पाणीसुद्धा घ्यायच्या नाहीत. बघता बघता मामी मुठीएवढ्या झाल्या. डॉक्टर म्हणाले, काहीही करा पण पोटात जाऊ द्या.

तेव्हा माझ्या बायकोला — सुनंदाला — आठवलं. मामा अंथरुणाला होते तेव्हा तिने त्यांना म्हटलं होतं, "दादा, गाडीत वरडायचाव तसं वरडा की एकदा." आणि फोनवर रेकॉर्ड केलं होतं. नांदेडहून गाडी सुटते तिथून मामांनी सुरू केलं होतं, "चला, लोहा... लोहावाले पुढं या. ओ मावशी, टोपलं वर ठेवा, मानसाच्या मांडीवर न्हाई." मग माळाकोळी, अहमदपूर, शिरूर ताजबंद. मधे कुणाशी सुट्ट्या पैशांवरून भांडण, कुणाच्या लेकराला खिडकीतून हात आत घ्यायला सांगणं. चाकूर आलं, "चाकूर, चाकूर उतरा," आणि आवाज तुटला. फोनची मेमरी भरली. फोनमध्ये गुड मॉर्निंगचे फोटो एवढे होते की मामांना लातूरपर्यंत जायला जागा उरली नाही.

तो आवाज मामींना ऐकवला. त्यांनी मान वर केली. म्हणाल्या, "लोह्याला आले व्हय... मग वाढा."

माळाकोळीला पहिला घास. चाकूरला आवाज संपला की हात ताटावरच थांबायचा. "चाकूरलाच थांबली का गाडी?" असं म्हणून बसून राहायच्या. पण तोवर अर्धी भाकरी पोटात गेलेली असायची. त्या अर्ध्या भाकरीवर मामी जगत होत्या.

सुनंदाच्या जुन्या फोनचं रेकॉर्डिंग दुकानातल्या कॉम्प्युटरला वाजवता येईना. माझ्या प्लेअरला यायचं. म्हणून मी एका पेन ड्राइव्हमध्ये प्लेअर आणि आवाज असं दोन्ही घालून प्रशांतला दिलं. पेन ड्राइव्ह दिसायला माझ्याकडच्यासारखाच, एकाच पाकिटातला. त्यानंतर सुनंदाचा फोन धुण्याच्या बादलीत पडला आणि गेला. एकाच जागी का ठेवलं, दुसरीकडे का उतरवून घेतलं नाही, हे कृपा करून विचारू नका. ते सुनंदाचं विचारून झालंय.

आणि मग मी लातूरला गेलो असताना चुकून त्यांचा पेन ड्राइव्ह उचलून आणला.

ऑफिसात लावला, तर आत सगळे शॉर्टकट झालेले फोल्डर. झेरॉक्सच्या दुकानात लावलेल्या पेन ड्राइव्हला ही व्हायरसची लागण होतेच, आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. दुकानातून आला की फॉरमॅट मारायचा आणि कामाला लागायचं... हात धुतल्यासारखं. मी मारला. वरून माझी सगळी सॉफ्टवेअरं परत भरली आणि चहाला गेलो.

चहा पिताना प्रशांतचा फोन. "जयभीम दाजी. तुमचा पेन ड्राइव्ह इकडं राहिलाय. ह्याच्यात नुसतं हापिस भरलंय. दादांचा आवाज तेवढा मेल करा, आई ताटावर बसून हाय."

मी चहाचा कप खाली ठेवला.

"हॅलो? दाजी?"

"प्रशांत... मी पुसलं रे ते."

"काय पुसलं?"

"सगळंच."



मग मी पुसलेलं परत आणणारं एक सॉफ्टवेअर उतरवलं. तेही पोर्टेबल. ते त्याच पेन ड्राइव्हवर टाकलं आणि तिथूनच चालवलं. प्रशांतला सांगितलं तर म्हणाला, "दाजी, चोरी झालेल्या घरात ठसे शोधायच्या आधी तुमी फरशी पुसून काढली." खरंच होतं. ज्या जागेतून आवाज परत काढायचा, त्याच जागेवर मी नवीन सामान टाकत गेलो होतो. शेवटी एक फाइल हाती लागली. नाव अर्धं, लांबी बरोबर... आणि आत काही नाही. आवाजाच्या जागी एक सपाट रेघ.

मामींनी खाणं सोडलं. प्रशांतने स्वतः ओरडून पाहिलं, "चला लोहा, लोहा..." मामी म्हणाल्या, "गप रे, गिऱ्हाईक येतेत." दूध चमच्याने दिलं तर ओठ मिटून घ्यायच्या. "हे येऊ द्या."

रविवारी सकाळी मी आणि सुनंदा एसटीने लातूरला निघालो. मी लोह्याला चहा विचारला, तिने खिडकीकडे तोंड केलं. ती ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

दुकान बंद होतं, शटर अर्धं खाली. दुपारचं ऊन आत फरशीवर आलेलं. प्रशांतने मामींना उचलूनच खाली आणलं, कॉम्प्युटरसमोरच्या खुर्चीत बसवलं, मांडीवर ताट दिलं. भाकरी, वरण, जरा चटणी. मामींचं मनगट माझ्या दोन बोटांत आलं असतं.

"लावा की," मामी म्हणाल्या.

आता मला ठाऊक होतं की फाइलीत काही नाही. प्रशांतला ठाऊक होतं, सुनंदाला ठाऊक होतं. पण त्या म्हाताऱ्या बाईसमोर नुसतं उभं तरी कसं राहायचं? मी पेन ड्राइव्ह लावला, प्लेअर उघडला, फाइल लावली. रेघ सरकायला लागली. शांत. वर पंखा तेवढा खडखडत होता.

"कुठवर आली?" मामींनी विचारलं.

"सुटली न्हाई अजून, आई," सुनंदा म्हणाली. आणि माझ्याकडे पाहिलं.

ती नजर मला सहन झाली नाही. मी खाली वाकून पेन ड्राइव्ह ओढून काढला. बंद-बिंद काही न करता, तसाच.

"काय करायलाव दाजी!" प्रशांत म्हणाला.

आणि आवाज आला.

"चला, लोहा... लोहावाले पुढं या."

पेन ड्राइव्ह माझ्या मुठीत होता. प्लेअर पडद्यावर तसाच, रेघ तशीच सपाट. आणि दुकानात मामा बोलत होते. मावशीचं टोपलं, सुट्ट्यांचं भांडण, सगळं. मामींनी भाकरी मोडली.

प्रशांतने माऊस धरला आणि कॉम्प्युटरभर शोधलं, आवाजाची एकही फाइल नाही. त्याने खिशातून मोबाइल काढून रेकॉर्डिंग सुरू केलं. शिरूर ताजबंद गेलं. मग "चाकूर, चाकूर उतरा." मामींचा हात सवयीने ताटावर थांबला.

"आष्टामोड," मामा म्हणाले. "आष्टामोडवाले, उठा आता."

सुनंदाने माझा दंड पकडला. तिची नखं लागली. हे तिने रेकॉर्ड केलेलं नव्हतं. मामांनी त्या दिवशी हे म्हटलंच नव्हतं. मेमरी भरल्यावर ते हसले होते आणि कुशीवर वळून झोपले होते. तिथे ती होती, मी होतो.

मामी जेवत होत्या. अर्ध्याच्या पुढची भाकरी. "वाढ की गं वरण," म्हणाल्या. सुनंदाने वाढलं, निम्मं ताटाबाहेर.

मग थोडा वेळ काही नाही. आणि मग अगदी जवळून, गाडीतल्यासारखं ओरडून नाही, घरातल्या आवाजात... "लातूर. आता गाडी पुढं न्हाई. काय राहिलं-साहिलं बघून उतरा."

एसटीतल्या घंटीचा एक टोला. पडद्यावरून प्लेअर गेला.

मी खुळ्यासारखा पेन ड्राइव्ह परत लावला. काढला. पुन्हा लावला. सपाट रेघ. प्रशांतच्या मोबाइलमध्ये पंखा आहे, मामींचं "वाढ की गं वरण" आहे, सुनंदाचं रडणं आहे. मामा नाहीत.

मामींनी शेवटचा घास खाल्ला, ताटात हात धुतला आणि पदराने तोंड पुसलं. "पोचले बाई एकदाचे," म्हणाल्या. "वर न्या मला. झोप आली."

तेव्हापासून मामी वेळेवर जेवतात. पूर्ण भाकरी. मामा आले का, असं एकदाही विचारलं नाही. विसरणं आहे तसंच आहे — मला कधी पोस्टमन समजतात, कधी जावई — पण ताट सरकवत नाहीत.

प्रशांत म्हणतो, प्रोग्रॅम चालू असताना थोडाफार कॉम्प्युटरच्या मेमरीत चढलेला असतो, पेन ड्राइव्ह काढला तरी थोडा वेळ तग धरतो. मान्य. पण सपाट रेघेतून काय चढणार? आणि आष्टामोड कुठून आलं? डेटा काढून देणाऱ्या एका माणसाला मी नांदेडला ती फाइल दाखवली. तो म्हणाला, "काका, ह्याच्यात कधी काही असंल असं वाटतच नाही." आम्हा तिघांना एकदमच भास झाला म्हणावं, तर मामी चौथ्या, आणि त्यांनी भाकरी संपवली ती काही भासात नाही. कुणा जाणकाराला काही सांगता आलं तर जरूर सांगा. मी माझ्यापुरते हात टेकले आहेत. तो पेन ड्राइव्ह वापरवत नाही आणि टाकवतही नाही.

त्याच संध्याकाळी आम्ही नांदेडच्या गाडीत बसलो. मला हलकं वाटत होतं. एवढ्या दिवसांचं ओझं उतरलं होतं, फॉरमॅटचं पाप फिटल्यासारखं. आष्टामोड गेलं, चाकूरला गाडी थांबली. मी म्हटलं, "काही का असेना... मामी जेवल्या. झालं ना सगळं नीट?"

सुनंदा खिडकीतून बाहेर बघत होती. म्हणाली, "आईपाशी दादा पोचले हो. माझ्याकडं चाकूरपर्यंत तरी होते."