न्हाणीमागची तार

रेडिओ कंपनीला सगळ्या नगर जिल्ह्यासाठी एकच एजंट हवा होता. मुंबईहून आलेल्या साहेबांनी आमच्या दुकानात उभ्याउभ्याच तसं सांगितलं. उमेदवार दोन होते. एक आम्ही आणि दुसरा मोटारींचे सुटे भाग विकणारा एक बडा व्यापारी. त्याच्याकडे गाडी होती, गोदाम होतं. आमच्याकडे माझ्या नवऱ्याचे हात होते. बिघडलेला रेडिओ ते नुसता कान लावून दुरुस्त करत. एजन्सी मिळाली नाही तर दुकान बंद करून त्यांनी मुंबईला त्याच कंपनीच्या कारखान्यात कामाला लागायचं आणि मी माहेरी जाऊन राहायचं, असं घरात ठरलं होतं. मला माहेरी राहायचं नव्हतं. तिथे भावजयीचा संसार होता आणि तो माझ्याशिवाय उत्तम चालला होता.

महायुद्ध संपून वर्ष-दीड वर्ष झालं होतं. बॅटरीवर चालणारे सेट पुन्हा मिळू लागले होते. कंपनीचं धोरण साहेबांनी बोटांवर मोजून सांगितलं. "वीज आहे तिथे कोणीही सेट विकेल. आम्हाला खेडी हवीत. बाजाराचं गाव धरायचं. त्यातलं मोठं घर धरायचं. सेट ओसरीवर, रस्त्यावरून दिसेल असा ठेवायचा. एक सेट बसला की गाव आपोआप मागे येतं."

साहेबांनी दोघांना परीक्षेसाठी एकेक गाव दिलं होतं. व्यापाऱ्याने त्याच्या वाट्याच्या गावात सेट बसवून, वाजवून दाखवला होता. आता आमची पाळी सोनईला होती. मीही गेले, कारण एरियल ओढताना तारेचं दुसरं टोक धरायला कोणीतरी लागतं आणि पगारी माणूस आमच्याकडे नव्हता.

उन्हाळा कडक होता. घर एका बागाईतदारांचं होतं. ओसरी ऐसपैस आणि रस्त्याला लागून. दिवेलागणीला मुंबई केंद्रावर खेड्यांसाठीचा कार्यक्रम सुरू होई. त्याआधी सेट बोलायला हवा होता. नवऱ्याने घराच्या मातीच्या धाब्यावर दोन बांबू उभे करून एरियल बांधली, अंगणाच्या कोपऱ्यात लोखंडी कांब ठोकून जमिनीची तार, म्हणजे अर्थिंग, जोडली आणि बटण फिरवलं.

घरघर सुरू झाली. मधूनच एखादा शब्द आडाच्या तळातून आल्यासारखा यायचा आणि बुडायचा.

ओसरीवर वीसेक माणसं जमली होती. त्यांना मजा वाटू लागली.

"सायेब, ममईत पाऊस लागलाय जनू!"

"आरं, पेटीत भुंगा शिरलाय. झाकण काढा की!"

बागाईतदार हसले नाहीत. आपल्या ओसरीवर हे व्हावं हे त्यांना आवडलं नव्हतं. साहेबांनी घड्याळ पाहिलं. "मिस्त्री, त्या गावात दहा मिनिटांत वाजला होता."

नवरा पुन्हा धाब्यावर चढला. त्यांचा संशय एरियलवर होता. माझी नजर कांबेकडे गेली. शहरात आम्ही जमिनीची तार नेहमी नळाच्या पाइपाला बांधायचो. इथे नळ नव्हता, म्हणून त्यांनी दिसली त्या जागी कांब ठोकली होती. मी ती हलवून पाहिली. गावठाणाची पांढरी माती पिठासारखी सुटी झाली. कोरड्या मातीत तार असून नसून सारखीच. मी ओसरीवरचा तांब्या उचलून तिथे ओतला. पाणी दिसेनासं झालं.

"ए पोरी! पानी मातीत कशाला वततीस?" दारातून बागाईतदारांची आई ओरडली. "आडाचा तळ दिसाय लागलाय हितं."

"आत्याबाई, ओली जमीन पाहिजे. तुमच्या घरात बारमाही ओल कुठे असते?"

"न्हानीच्या मागं, अळवापाशी. पन तिकडं गडीमानूस जात न्हाई."

"मी कुठे गडीमाणूस आहे?"

मी कांब उपटली, पहार घेतली आणि माजघरातून मागे गेले. चार घावांत कांब हातभर आत गेली. खालची माती काळी, गार होती. पण तार माजघराच्या दारापर्यंतच पुरत होती. ओसरीच्या कडेला ठेवलेल्या सेटपर्यंत ती पोचेना.

बाहेर येऊन मी साहेबांना म्हटलं, "सेट आत, माजघराच्या दाराशी न्यावा लागेल."

"सेट ओसरीवरच राहील. कंपनीचं धोरण आहे ते."

"साहेब, दिसणारा सेट हवा की वाजणारा?"

"अगं!" धाब्यावरून नवऱ्याचा आवाज आला. त्यांचा चेहरा उतरला होता. पण बोललेलं मागे घेता येत नव्हतं आणि सूर्य पार खाली गेला होता.

बागाईतदारांनी आईकडे पाहिलं.

"आना की आत," म्हातारी म्हणाली. "भाईर ठिवला तर रोज सांजच्याला निम्मं गाव वसरीवर, आन च्या आमी उकळायचा! मला काय करायचाय असला रेडू?"

बायका आत फिस्सकन हसल्या. बागाईतदारांनी स्वतः सेट ठेवलेलं स्टूल उचललं. साहेबांनी हात लावला नाही. नवरा आणि मी बॅटरीचं जड खोकं ढकलत दारापर्यंत नेलं. तार जोडली. नवऱ्याने बटण फिरवलं.

एक क्षण काहीच आलं नाही. मग एक पुरुषी आवाज, शेजारी बसून बोलावं इतका स्वच्छ, बाजारभाव सांगू लागला.

ओसरीवरची माणसं दाराकडे सरकली. म्हातारी उंबऱ्यावर बसली. गुळाचा भाव आला तेव्हा मुलगा बोलायला गेला, तर तिने हात वर करून त्याला थांबवलं.

साहेबांनी वहीत बरंच लिहिलं. निघताना "कळवू" एवढंच म्हणाले.  घरी आल्यावर नवरा म्हणाला, "वाजला खरा. पण साहेबाला चारचौघांत तोंडघशी पाडलंस." त्यात खोटं काही नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून मी ट्रंक भरायला घेतली.

जवळजवळ दोन महिने पत्र नव्हतं. आलं तेव्हा एजन्सी आमची होती. व्यापाऱ्याचा सेट मधल्या काळात परत आला होता. तो बसवला होता त्या घरच्या बायकांनी रोजच्या गर्दीला कंटाळून तो ओसरीवरून उचलायला लावला होता. सोनईच्या घरून मात्र दुसऱ्या बॅटरीची मागणी कंपनीला गेली होती.

पत्रासोबत एजंटांसाठी छापील सूचना होत्या. सेट माजघराच्या दाराशी बसवावा. जमिनीची तार न्हाणीमागच्या ओलीत सोडावी. मुंबई कार्यालयाने विचारपूर्वक हे धोरण आखले आहे.

"विचारपूर्वक," नवऱ्याने मोठ्याने वाचलं आणि माझ्याकडे पाहिलं.

मी ट्रंकेतली भांडी काढून मांडणीवर लावत होते. "सूचना खिळ्याला अडकवा," म्हटलं, "आणि पहार कुठे ठेवलीत ते सांगा. उद्या केडगावला जायचंय."