बाईचा माठ

मोठ्या बहिणीला आम्ही बाई म्हणतो. लहानपणी पोलिओने तिचा डावा पाय गेला. गुडघ्यावर हात दाबून ती चालते. तिने घरी बसून बिड्या वळल्या म्हणून मी गोंदियाच्या कॉलेजात शिकलो, घरातला पहिला पदवीधर झालो. हे मी कधी विसरलो नाही.

त्या उन्हाळ्यात बिडीचं काम जवळजवळ बंद पडलं होतं. तिरोड्याकडच्या आमच्या गावात रोजगार हमीतून बोडी खोल करायचं काम निघालं. बोडी म्हणजे धानाला पाणी देणारं लहान तळं. मजुरांना पाणी पाजायचं काम अपंगाला द्यायचं, असा नियम. कामावर देखरेख करणाऱ्या मेटने स्वतःहून बाईचं नाव घेतलं. बाई हरखली. बाजारातून नवा माठ आणवला, पहाटे भरला, ओलं फडकं गुंडाळलं आणि मोहाच्या सावलीत जाऊन बसली.

आमच्या मोहल्ल्यातल्या बायका पाणी प्यायल्या. बाकी कुणी आलं नाही.

आम्ही बौद्ध. त्यावरून गावात आता कुणी तोंडावर बोलत नाही. "घरूनच आणलो, बाई." "आत्ताच पेलो ना वं." "माठाचं पाणी थंडं नाही होत आजकाल." सगळे हसूनच सांगायचे आणि बाटलीतलं कोमट पाणी प्यायचे.

काही दिवसांनी मेट म्हणाला, "तुह्या माठातलं कोनी पेऊनच नाही राहिलं. लोकं पाण्यासाठी घरी पळून राहिले. मी दुसरी बाई बसवतो. तू टोळीत लाग."

मी पंचायतीत तक्रार द्यायला गेलो. तिथला बाबू गोंदियाचा होता.

"किसीने गाली दी?"

"नाही."

"मटका फोडा?"

"नाही."

"अरे भाई, किसीको प्यास नहीं लगी, तो मैं क्या लिखूँ?"

बाकावर बसलेले दोघं खो खो हसले. मी उठून बाहेर आलो.

राहिली टोळी. टोळीने माती खोदायची, टोपल्याने वाहायची, आणि मजुरी सगळ्यांनी मिळून खोदलेल्या मातीच्या मोजणीवर. बाई आमच्याच मोहल्ल्यातल्या टोळीकडे गेली. त्यात आमची सख्खी मावशी होती. तीच बोलली, "माय, तुह्यानं टोपलं उचलत नाही. तुले घेतलं का आमची मोजणी कमी येते. राग नोको मानू." ही मावशी रोज बाईच्याच हातचं पाणी प्यायची.

संध्याकाळी माठ खांद्यावर घेऊन मी निघालो. तो जवळजवळ भरलेलाच होता. ओतून टाकायचं बाईच्या मनात आलं नाही, माझ्याही नाही. ती मागून गुडघा दाबत येत होती.

"मावशीनं तरी घ्यायले पाहिजे होतं," मी म्हणालो.

"कायले? तिच्या घरी चूल नाही का?"

"तुले राग नाही येत?"

"येते ना. पन कोनावर करू? तू शिकला ना, तू सांग."

मी माठ दुसऱ्या खांद्यावर घेतला. 

रात्री जेवताना आम्ही तेच पाणी प्यालो. चांगलं थंड होतं.