क्षारपड गावातली समुद्राची टाकी

आमच्या गावात कुणी मीठ विकत आणलेलं लोकांना बघवत नाही. कृष्णाकाठची आमची काळी रानं मिठानंच मारलीत. उसाला पाणी, पाण्यावर पाणी, पाटाला आलं म्हणून पाणी, शेजाऱ्यानं सोडलं म्हणून आपणही पाणी. खालचे क्षार वर आले आणि चांगली भारी जमीन उन्हात पांढरी पडली. याला क्षारपड म्हणतात. मी त्यावर पत्रकं लिहिते. गेली चार वर्षं गावोगाव वाटते, लोक त्यात भजी बांधतात, मी पुन्हा छापते.

त्यामुळं टेम्पोतून आमच्या दारात समुद्री मिठाच्या बादल्या उतरल्या तेव्हा समोरच्या पारावरून एका काकांची हाक आली.

"आवं हवालदार, रानात मीठ कमी पडलं व्हय?"

हवालदार म्हणजे माझे आप्पा. बावीस वर्षं फौजेत होते, त्यातली तीन अंदमानात. तिथं सुट्टीच्या दिवशी गुडघाभर पाण्यात उभं राहून पायाजवळनं जाणारे मासे बघत बसायचे, एवढंच ते सांगायचे. फौजेतनं आलेली माणसं आमच्याकडं बंगला बांधतात, गाडी घेतात, निवडणुकीला उभी राहतात. आप्पांना घरात समुद्र हवा होता. सहा फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच.

मी विरोध केला. जेवताना उभी राहून भाषणच ठोकलं. हौशीच्या बाजारासाठी प्रवाळातले मासे कसे पकडतात, काही ठिकाणी विष सोडून कसे गुंगवतात, वाटेत पिशवीतच किती मरतात, सगळं. आप्पांनी भाकरीचा शेवटचा तुकडा शांतपणे संपवला आणि म्हणाले, "तुज्या काय मागण्या हायेत त्या लिवून दे."

मी लिहून दिल्या. मागणीपत्र लिहायला मला वेळ लागत नाही. कलम एक, मासे टाकीतच पैदा झालेले, समुद्रातून पकडलेले नाहीत. कलम दोन, आधी यंत्रणा, शेवटी मासे. कलम तीन, अंदाजपंचे काही नाही, मोजून. कलम चार, आपल्या चुकीनं टाकीतला एकही जीव गेला तर टाकी कायमची बंद. आप्पांनी चष्मा लावून दोनदा वाचलं आणि खाली हुद्द्यासकट सही केली. कागद फ्रिजवर लागला.

"झाला बाप-लेकीचा तह," आई म्हणाली. "आता ताटं उचला."

मग आम्ही सांगलीला दुकानात गेलो. दुकानदार तरुण होता, बोलायला गोड. त्यानं छापील यादी पुढं केली, त्यात पहिलीच वस्तू हीटर. दोन हीटर, मोठे! माझं डोकंच फिरलं. कुठल्या बर्फाच्या देशातली यादी उचलून आमच्या हातात देता? चैत्रात आमच्याकडं टाकीवरच्या नळाचं पाणी हाताला चटका देतं. या माशांना लागतं सव्वीस अंशाच्या आसपास. आम्हाला पाणी तापवायचं नाही, थंड ठेवायचं आहे. मी दुकानात एवढ्या मोठ्यानं बोलले की पोपट घ्यायला आलेलं एक कुटुंब बाहेर जाऊन थांबलं.

"ताई, मग चिलर घ्या," तो म्हणाला. "थंडीतल्या पहाटेसाठी एक छोटा हीटर असू द्या फक्त."

त्याचं म्हणणं रास्त होतं. चिलर घेतला. छोटा हीटरही घेतला, पण मान वाकडी करून.

स्किमर नावाचं यंत्र त्यानं दाखवलं तेव्हा मला ते नीट कळलं नव्हतं. उभं नळकांडं, आत बारीक बुडबुडे, वर एक वाटी. आप्पांनी वाकून पाहिलं आणि हसले. "अगं, ही काहील हाय. गुऱ्हाळात रस उकळताना भेंडीचं पाणी टाकून वर आलेली मळी काढत्यात का न्हाई? तसंच हे. घाण फेसात चिकटती, फेस वर येतो, वाटीत पडतो." दुकानदार बघतच राहिला. त्याला हे समजावायला दर गिऱ्हाइकामागं अर्धा तास लागत असणार. गुऱ्हाळावर मोठ्या झालेल्या माणसाला अर्ध्या मिनिटात समजलं. मला तेव्हा आप्पांचा इतका अभिमान वाटला की मी दहा मिनिटं यादीवर भांडायचं विसरले.

आणि एक गोष्ट अशी होती, जी मला कुणी शिकवावी लागली नाही. टाकीतलं पाणी उडून जातं, मीठ उडत नाही. म्हणजे रोज कमी झालेल्या पाण्याच्या जागी खारं पाणी ओतलं तर टाकी हळूहळू आणखी खारट होत जाणार. वर गोडंच पाणी घालायचं, तेही गाळून अगदी शुद्ध केलेलं. त्यासाठी आपोआप पाणी सोडणारा फ्लोट घेतला. दुकानदार म्हणाला, बरेच जण इथंच चुकतात. मी म्हटलं, आमचा अख्खा तालुका इथंच चुकलाय.

घरी गवंड्यानं पाण्याच्या नळीनं लेव्हल धरून विटा आणि कडाप्प्याचा ओटा बांधला. भरल्यावर पाण्याचंच वजन साडेसहाशे किलोच्या वर, लोखंडी स्टँड मिठानं खाल्ला असता. मोठ्या टाकीच्या खाली दुसरी छोटी टाकी. पाणी वरून तिच्यात उतरतं, तिथं स्किमर, चिलरची नळी, सगळी यंत्रं, आणि तिथून पंप ते परत वर चढवतो. आप्पांना पंप दुप्पट ताकदीचा हवा होता. आमच्याकडं विहिरीला तीन एचपीची मोटर पुरत असली तरी लोक पाचची टाकतात. त्या भांडणात मी जिंकले. कलम तीन!

पुढचं भांडणही मीच जिंकले. ते जिंकायला नको होतं.

वीज गेली की पंप थांबतो, आणि वरच्या टाकीतलं पाणी त्याच नळीतून उलटं खाली येतं. खालची टाकी भरून वाहते. आणि आमच्याकडं वीज जाणार नाही असं गृहीत धरणारा माणूस दुसऱ्या जिल्ह्यातला. घरातल्या पंख्यांना इन्व्हर्टरची बॅटरी पुरते, पंपाला नाही, म्हणून बॅटरीवर फक्त पाणी हलवणारा छोटा पंखा ठेवला, माशांना हवा मिळावी इतपत. उलटं पाणी अडवायला वॉल्व्ह हवा. दुकानातला वॉल्व्ह प्लास्टिकचा, हातात घेतला तर कवडीसारखा हलका. मी म्हटलं, हे खेळणं परत करा. आमच्या विहिरीच्या लाइनसाठी आणलेला पितळी वॉल्व्ह खोपटात कोरा पडलेला होता. जड, चकचकीत. पिढ्यान्‌पिढ्या विहिरीवर पितळ चालतं, इथं का नाही?

फिटिंग करायला चाचा आले होते, तालुक्याच्या गावात मोटर बांधून देणारे. आमच्या घरातल्या प्रत्येक मोटरची तार त्यांच्या हातची.

"ताई, पिलॅस्टिक चालतंय की," चाचा म्हणाले.

"चाचा, तुम्ही स्वतः जन्मभर पितळ बसवत आलात."

"ते रानात, बेटा."

"आपल्या रानातली वस्तू आहे. बसवा."

त्यांनी बसवली.

मग सहा आठवडे टाकीत नुसतं पाणी, खडक आणि वाळू. घाण पचवणारे जिवाणू वाढायला तेवढा वेळ लागतो. मी दर दोन दिवसांनी नळ्यांत पाणी घेऊन चाचणी करायची, वहीत लिहायची. लोक मासे बघायला यायचे आणि खडक बघून जायचे. पारावरचे तेच काका म्हणाले, "लोकं कुत्री पाळत्यात, म्हशी पाळत्यात. हवालदारानं पाणी पाळलंय." आप्पा नुसते हसायचे. सकाळी खुर्ची ओढून त्या रिकाम्या पाण्यासमोर चहा घ्यायचे.

आकडे बरोबर आले तेव्हा आधी पाच गोगलगायी आणल्या, शेवाळ खाणाऱ्या. तिसऱ्या दिवशी पाचही वाळूवर उलट्या पडल्या होत्या.

माझा संताप विचारू नका. खारटपणा बरोबर, तापमान बरोबर, सगळं बरोबर, मग चूक दुकानदाराची! बाटलीत टाकीचं पाणी घेतलं आणि पहिल्या एसटीनं सांगली गाठली. आत शिरल्या शिरल्या सांगितलं, मेलेला माल विकता, तुमच्यावर पत्रक काढीन, दारात उभी राहून वाटीन. त्यानं बाटली उघडली. पाणी घेतलं, चार थेंब टाकले, रंग बघितला.

"ताई, यात तांबं आहे. टाकीत पितळ कुठं लावलंय का?"

मी तिथल्या स्टुलावर बसले. पितळात तांबं असतं. खारं पाणी ते खातं. माशांना थोडं सोसतं, गोगलगायीला अजिबात नाही. हे मी कुठं वाचलं नव्हतं असं नाही. वाचलं होतं. पण वाचलेलं एका कानाशी आणि विहीर दुसऱ्या कानाशी, आणि मी विहिरीचं ऐकलं. दुकानदाराची माफी मागितली. त्यानं तांबं शोषणारी पुडी दिली आणि पाणी प्यायला दिलं.

घरी आल्यावर चप्पल न काढता आप्पांना सांगितलं. वॉल्व्ह मी निवडला, चूक माझी. आप्पांनी वॉल्व्ह बघितला. कडेनं हिरवी पूड धरली होती. ते उठले, नळी आणली, तिचं एक टोक टाकीत सोडलं, दुसऱ्या टोकाखाली बादली ठेवली.

"काय करताय?"

"कलम चार."

"आप्पा, गोगलगायी होत्या. मासे नव्हते."

"तू मासा लिवलं न्हाईस. जीव लिवलंस. आन् सही माजी हाय."

मी फ्रिजपाशी गेले. माझंच अक्षर. पळवाट राहू नये म्हणून जपून निवडलेला शब्द. समोरच्यानं आपला शब्द मोडला की मी चार गावांत बोंब मारते. इथं मी स्वतः पळवाट शोधत होते आणि आप्पा शोधत नव्हते. लाज वाटली, आणि त्याच वेळी त्या बनियनवरच्या, बादली धरून बसलेल्या माणसाबद्दल छाती भरून आली. अर्धी बादली भरली होती. सहा आठवडे ज्याच्यासमोर चहा घेतला ते पाणी ते स्वतःच्या हातानं काढत होते.

आई मेथी निवडत होती. ती तिथूनच म्हणाली, "ए पत्रकवाली. रान खारं झालं तर तू काय लिवतीस गं? रान इका, पुण्याला जावा, असं लिवतीस?"

"नाही. चर काढा, पाणी कमी द्या, जमीन दुरुस्त करा."

"मग रानाला एक न्याय आन् काचंला दुसरा व्हय? गोगलगायी तू मारल्यास. तर निस्तर की. ह्यास्नी का शिक्षा?"

आप्पांचा हात थांबला. पण ते म्हणाले, "कागद बदलल्याबिगर न्हाई."

कागद बदलला. लाल पेनानं, कलम चारच्या खाली: चूक झाली तर ती कुणाची ते उघड सांगायचं आणि दुरुस्त होईपर्यंत नवा जीव आणायचा नाही. पहिली चूक माझी, पितळी वॉल्व्ह, पाच गोगलगायी. सही माझी. मग आप्पांची. आईनंही केली, मेथीच्या हातानं.

वॉल्व्ह काढला, पुडी टाकली, तीन वेळा बरंचसं पाणी बदललं, चाचणीत तांबं दिसेनासं झालं. पण वीज गेल्यावर पाणी उलटं येणार ते अडवायचं कशानं? प्लास्टिकचा वॉल्व्ह वाळूचा एक कण अडकला तरी उघडा राहतो. चाचा येऊन नळीकडं बघत बसले.

"ट्रॅक्टरमधलं डिझेल कवा नळीनं काढलंय?"

"चाचा, चोरी विचारताय का?"

"नळीला भोक असलं तर येतंय का डिझेल? तोंडात नुसती हवा येती."

त्यांनी ड्रिल घेतलं आणि वरच्या टाकीत पाण्याच्या रेषेखाली बोटभर अंतरावर पंपाच्या नळीला एक भोक पाडलं. पाणी उलटं वाहायला लागलं की बोटभर उतरेल, भोक उघडं पडेल, हवा घुसेल, ओढ तुटेल. वॉल्व्हच नको. यादीत नसलेली, कुठल्याही दुकानात न मिळणारी वस्तू. भोक!

दुसऱ्या दिवशी दुपारी परीक्षा घेतली. खालच्या टाकीवर मी काठापासून दोन बोटं खाली पेन्सिलीची रेघ मारली. तिच्यावर पाणी गेलं तर मासे नाहीत, असं आप्पा आधीच म्हणाले होते. पारावरचे काका फुकटचा तमाशा बघायला आत आले. आप्पांनी मेन स्विच खाली ओढला. पंप थांबला. पाणी गडगडत खाली यायला लागलं. रेघेच्या दिशेनं वर, आणखी वर. मग वरच्या नळीतून सूं करून हवा ओढल्याचा आवाज आला आणि पाणी थांबलं. रेघेच्या बोटभर खाली.

"आयला," काका म्हणाले, "भोकानं राखलं की रं."

चाचांनी हात पुसले. "बेटा, आता पत्रक काढ ह्येच्यावर."

मग मासे आले. टाकीतच जन्मलेली, नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेली एक जोडी. एवढ्या मोठ्या टाकीत फक्त दोन. लोक विचारतात, अजून कवा आणणार? आप्पा म्हणतात, कागदात बसलं की.

रोज सकाळी ते मोजमाप घेतात आणि वहीत स्वतः लिहितात. मी काल पान उलटून बघितलं. फौजी अक्षर, प्रत्येक ओळ सारखी: खारटपणा पस्तीस. तापमान सव्वीस. जवान दोन. हजर दोन.